साडेनव्व्याण्णव

काठी चौतीस इंचांची. त्यातले चार इंच मुठीचे गेले, उरले तीस. एका पेनाला, करवतीचा घास धरून, पाच इंच लाकूड लागतं. म्हणजे सहा पेनं. सासूबाईंचा दुसरा पाय गाडीतून जमिनीला टेकायच्या आत पेनवाल्यांचा हा हिशेब मांडून, तपासून झाला होता. तसं त्यांना एकच पेन पुरे होतं. पण काठीचं असं आहे की तिच्यातून पाच इंच घ्या नाहीतर तीस, मालकिणीच्या दृष्टीने ती सारखीच कामातून जाते. मग कमी कशाला घ्यायचं?

"या आई, या," म्हणत ते पुढे झाले आणि त्यांनी आधी काठी हातात घेतली. सासूबाईंचा हात हवेतच राहिला. तो त्यांच्या लेकीने धरला.

"अहो, माणसाला धरा," बायको म्हणाली.

"काठी पडेल ना," पेनवाले म्हणाले, आणि काठी दोन्ही हातांत आडवी धरून, तान्हं मूल न्यावं तशी, घरात घेऊन गेले.

पेनवाल्यांनी बत्तीस वर्षं वजनमाप खात्यात तपासनीस म्हणून काढली होती. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक ते दुकानदाराच्या चेहऱ्यावरून ओळखत. निवृत्त झाल्यावर पहिले दोन महिने त्यांनी घरातल्या बरण्या, दुधाचं पातेलं आणि बायकोचा चहाचा चमचा यांची तपासणी केली. तिसऱ्या महिन्यात बायको स्वतः दुकानात गेली, लाकूड कातायचा एक छोटा लेथ घेऊन आली आणि मागच्या खोलीत बसवून दार लोटून घेतलं. तेव्हापासून सात वर्षं त्या खोलीतून घरघर ऐकू येत होती, दाराखालून भुसा येत होता आणि घरात शांतता होती.

ते लाकडाची पेनं करत. पेन म्हणजे दोन तुकडे, वरचा आणि खालचा. प्रत्येकाच्या पोटात आरपार भोक, भोकात पितळी नळी, मग लेथवर चढवून पटाशीने सोलत सोलत आकार, काचकागद, मेणाचा हात, आणि शेवटी मध्ये एक कडी बसवून दोघांची गाठ. यात विशेष काही नाही, पुष्कळ लोक करतात. पेनवाल्यांचं विशेष होतं ते त्यांच्या नियमात: एका जातीच्या लाकडाचं एकच पेन, आणि लाकूड असं हवं की ज्याचं पेन कोणी करत नाही. डाळिंबाचं खोड, जुन्या गुलाबाचं बूड, कॉफीचं झुडूप, तुटक्या व्हायोलिनची मान, बंद पडलेल्या केशकर्तनालयातल्या खुर्चीचा हात. हे सगळं एका जाड वहीत नोंदलेलं असे. वहीला रकाने पाच: क्रमांक, लाकूड, कुठलं, कोणी दिलं, आणि मोबदला. मोबदल्याच्या रकान्यात 'गुलाब: दोन तास बागेतलं गवत काढलं', 'खुर्चीचा हात: मालकाच्या तरुणपणाच्या गोष्टी ऐकल्या, तीन वेळा त्याच' असं प्रामाणिकपणे लिहिलेलं असे. फुकट काही घ्यायचं नाही आणि जास्त काही द्यायचं नाही, हे खात्यातलं वळण.

चाळीस पेनं झाली तेव्हा त्यांनी हौसेने काचेच्या झाकणाची एक पेटी केली आणि तिच्या आतल्या फळीला एकदम शंभर भोकं पाडून ठेवली. भोकं पाडणं सोपं असतं. नव्व्याण्णव भोकं भरली आणि लाकडं संपली. शेजारी कुठूनकुठून काटक्या आणून देत; पेनवाले नखाने खरवडून वास घेत आणि "चौदा" किंवा "त्रेपन्न" म्हणून परत करत. गेलं वर्षभर शंभरावं भोक त्यांच्याकडे बघत होतं.

त्यात सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपालांनी शब्द दिला होता. वाचनालयाचा नवा वाचनकक्ष तीन महिन्यांत उघडायचा होता. "शंभर झाली की पेटी आणा," ते म्हणाले होते. "दारासमोरच ठेवू."

"आणि नव्व्याण्णव ठेवली तर?"

"तर येणारा प्रत्येक जण विचारेल, एक कोणी नेलं. आणि उत्तर मला द्यावं लागेल."

अशा वेळी सासूबाई आल्या. मुलाच्या घरी जिन्यात पाय घसरून खुबा मोडला होता. हाड सांधलं होतं, पण मुलाच्या घराला जिना तोच होता, म्हणून तळमजल्यावरच्या लेकीकडे मुक्काम हलला. बरोबर एक बॅग, पुस्तकांचा गठ्ठा आणि ती काठी. रंग जुन्या मधासारखा, उजेडात तिरपी धरली की आतून हिरवट झाक. नव्व्याण्णवांत असलं लाकूड नव्हतं. पेनवाल्यांना त्याचं नावही सांगता येईना, आणि हे त्यांच्या बाबतीत सात वर्षांत झालं नव्हतं.

"आई, ही काठी कुठल्या लाकडाची?" त्यांनी चहाचा कप पुढे करता करता सहज विचारलं.

"यांनी आणली होती."

"कुठून?"

"ते त्यांनाच विचारायला हवं." सासरे जाऊन नऊ वर्षं झाली होती. "तुम्हाला घाई असेल तर विचारून या."

सासूबाई शाळेत भाषा शिकवत. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी समोरच्याचं वाक्य ऐकताना त्या मनातल्या मनात खुणा करत असाव्यात असं वाटे. उंचीला पेनवाल्यांपेक्षा चार बोटं जास्त. त्यामुळे त्या बसलेल्या असल्या तरच जावई त्यांच्याशी नीट बोलू शकत. पेनवाल्यांनी त्यांना एकदा डाळिंबाचं पेन दाखवलं होतं. त्यांनी ते हातात घेतलं, तोललं आणि विचारलं, "जावईबापू, याने लिहायचं की याला धरून चालायचं?" आणि पर्समधलं आपलं लाल बॉलपेन काढून वर्तमानपत्रातली शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली.

म्हाताऱ्या माणसाकडे त्याची काठी मागता येत नाही, एवढं पेनवाल्यांना कळत होतं. पण बघायला काय हरकत होती? नखाने आणि नाकाने न ओळखलेल्या लाकडासाठी त्यांची शेवटची रीत म्हणजे जीभ. जरा ओलं केलं की लाकडाचा पोत उघडा पडतो, पाण्याने पडत नाही तसा. तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंचा डोळा लागलेला पाहून ते पलंगाजवळ उकिडवे बसले, काठी आडवी धरली आणि मुठीखाली वीतभर अंतरावर हळूच चाटली.

"भूक लागली असेल," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "तर डब्यात बिस्किटं आहेत."

"मुंगी होती," पेनवाले म्हणाले.

"खाल्लीत?"

ते उठून मागच्या खोलीत गेले, वही उघडली आणि मनाला बरं वाटावं म्हणून पेन्सिलीने एक ओळ लिहून ठेवली. *१००. सासुबाईंची काठी. (मिळाल्यावर.)* मोबदल्याचा रकाना रिकामा सोडला.

चौथ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट आल्या. हे नाव घरात कोणाला एका दमात म्हणता येईना, म्हणून त्यांना सगळे पायवाल्या ताई म्हणू लागले. त्यांनी सासूबाईंना उभं केलं, बसवलं, चालवलं, काठीची मूठ मनगटाच्या रेषेला येते की नाही ते पाहिलं आणि म्हणाल्या, "हाड छान जुळलंय. नेमाने व्यायाम केला तर दहा आठवड्यांत काठी सुटेल."

"सुटेल म्हणजे?" पेनवाल्यांनी दारातून विचारलं.

"म्हणजे लागणार नाही. कायमची."

पेनवाले आत आले आणि खुर्ची ओढून बसले. "नेमाने म्हणजे किती वेळा ते सांगा. मी लिहून घेतो."

इथून पुढे त्या घरात जे झालं ते पाहून बायकोला आपण गेली तीस वर्षं कोणाबरोबर संसार केला असा प्रश्न पडला. सकाळी सहाला पेनवाले सासूबाईंच्या दारावर टकटक करत. हातात घड्याळ, व्यायामाची वेगळी वही आणि कोमट पाण्याचा पेला. टाच वर, दहा. गुडघा सरळ, दहा. धरा, सोडा. लेथची घरघर बंद पडली. मागच्या खोलीत कोळ्यांनी जाळी धरली.

अडचण एकच होती. सासूबाईंना व्यायाम करायची मुळीच घाई नव्हती.

"मला नीट कळलं नाही," त्या पलंगावर टेकून म्हणत. "आधी तुम्ही करून दाखवा."

पेनवाले करून दाखवत.

"टाच वाकडी होतेय. पुन्हा."

पेनवाले पुन्हा करत. दहा त्यांच्या, मग दहा सासूबाईंच्या, आणि मध्ये शंका आली तर पाच नमुन्यादाखल. बत्तीस वर्षं खुर्चीवर आणि सात वर्षं स्टुलावर बसलेल्या माणसाने रोज चाळीस वेळा गुडघ्यात वाकावं अशी त्या गुडघ्यांची मुळात कल्पना नव्हती. तिसऱ्या आठवड्यात डाव्याने कुरकुर सुरू केली. पेनवाल्यांनी तिकडे काणाडोळा केला. गुडघा दुखतो म्हटलं तर व्यायाम थांबला असता, आणि व्यायाम थांबला तर काठी राहिली असती.

दुसरी अडचण म्हणजे काठी नुसती चालायला नव्हती. पलंगावरून पंख्याचं बटण बंद करायला, पडदा सरकवायला, पलंगाखालची चप्पल ओढायला, आणि चहा हवा असला की भिंतीवर तीन ठोके द्यायला तीच. पेनवाल्यांनी एकेक काम मोजलं आणि एकेक काम काढून घेतलं. बटण पलंगाच्या उशाला आणून बसवलं. पडद्याला दोरी लावली. चपलांसाठी हाताच्या उंचीवर फळी ठोकली. चहासाठी घंटी आणली. पंधरा दिवसांत खोली अशी झाली की तिथे काठी घेऊन बसणाऱ्याला ओशाळं वाटावं.

"अहो," एका संध्याकाळी बायको त्यांच्या शेजारी येऊन बसली. "माझ्या आईसाठी एवढं करता. मी तुम्हाला कधी ओळखलंच नव्हतं."

"त्यात काय," पेनवाले म्हणाले, आणि हे त्यांचं त्या महिन्यातलं सगळ्यात खरं वाक्य होतं.

तिचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या चहात साखर आली, जी तिने सहा वर्षांपूर्वी बंद केली होती. पेनवाले कप ओठाला लावत, आणि गोड घोटाबरोबर काहीतरी टोचरं घशाखाली जात असे. बायकोच्या भावाचा फोन आला. "भावजी, तुम्ही मला लाजवलंत," तो म्हणाला. मात्र लाजून आईला परत न्यायला तो आला नाही.

सहाव्या आठवड्यात दोघं बाहेर पडू लागली. आधी फाटकापर्यंत, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, मग बागेला एक फेरी. आठव्या आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "आज काठी तुम्ही धरा. मी मोकळी चालते. लागली तर मागेन." पेनवाल्यांनी काठी घेतली आणि दोन पावलं मागे राहून चालू लागले. पुढे उंच, ताठ सासूबाई. मागे बुटके, लंगडत चाललेले जावई, ज्यांच्या हातात काठी होती पण जमिनीला टेकवत नव्हते. झिजेल म्हणून. बागेतले लोक कोणाची कीव करावी या गोंधळात पडत.

"जावईबापू, तुम्ही पाय ओढताय."

"नाही आई. तुमच्या मागे चालताना जरा आदर म्हणून."

"मग आदर उजव्या पायाने पण दाखवा."

दहाव्या आठवड्याच्या शेवटी, वाचनकक्ष उघडायला बारा दिवस असताना, पायवाल्या ताईंनी परीक्षा ठरवली: घरापासून वाचनालयापर्यंत चालायचं आणि तिथल्या अकरा पायऱ्या, कठड्याला हात न लावता, चढायच्या. चढल्या तर काठी सुटली. पेनवाल्यांना रात्री झोप नीट लागली नाही. सकाळी त्यांनी लेथवरची जाळी पुसली, पटाशीला धार लावली आणि पितळी नळ्या मोजून टेबलावर मांडून ठेवल्या.

सासूबाई चढल्या. एक, दोन, तीन. बायको खाली हात जोडून उभी, पायवाल्या ताई बाजूला, वर दारात ग्रंथपाल. चार, पाच, सहा. पेनवाले दोन पायऱ्या मागे, बगलेत काठी. त्या दिवशी ऊन स्वच्छ होतं, आणि बागेतल्या फेऱ्या दिवस मावळल्यावर होत असल्याने काठी स्वच्छ उन्हात, मालकिणीची पाठ वळलेली असताना, त्यांच्या हातात पहिल्यांदाच आली होती. सासूबाई दहाव्या पायरीवर पोहोचल्या तेव्हा त्यांनी ती बगलेतून काढली आणि डोळ्यांपुढे धरून जरा फिरवली. हिरवट झाक उन्हात अशी काही उजळली, मधाच्या आत पान अडकावं तशी, की त्यांच्या तोंडून हलकेच "आहाहा" निघालं. ते आठव्या पायरीवर होते. नववी पायरी होती तिथेच होती. पाय मात्र भलतीकडे गेला.

वर सासूबाई अकराव्या पायरीवर उभ्या राहिल्या, वळल्या आणि म्हणाल्या, "झालं." मग खाली बघून म्हणाल्या, "अगं बाई."

पेनवाले चौथ्या पायरीवर बसले होते. काठी त्यांनी दोन्ही हातांनी वर उचलून धरली होती. तिला ओरखडासुद्धा नव्हता.

"डावा गुडघा," घरी आल्यावर पायवाल्या ताई दाबून बघत म्हणाल्या. "आजचा मुरगळा आहेच, पण हा आधीपासून कुरकुरत असणार. दुखत नव्हता?"

"दुखत होता."

"मग सांगितलं का नाही?"

पेनवाल्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई छताकडे बघत होत्या.

"काठी लागेल," ताई पट्टी गुंडाळत म्हणाल्या. "सहा महिने तरी. पुढचं पुढे पाहू. घरात आहे का एखादी?"

नव्या जागी बसवलेल्या बटणाने पंखा तेवढा फिरत होता.

"आहे," सासूबाई म्हणाल्या. त्या उठल्या, झपझप चालत मागच्या खोलीत गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात काठी होती, दुसऱ्या हातात जाड वही. काठी त्यांनी जावयाच्या मांडीवर ठेवली. वही उघडून तिच्यावर ठेवली.

शंभराव्या ओळीत पेन्सिलीचं 'सासुबाईंची' होतं. त्यातल्या ह्रस्व 'सु'भोवती लाल गोल काढून वर दीर्घ 'सू' लिहिलेला होता. पुढे कंसात 'मिळाल्यावर', आणि त्याच्यासमोर लाल रंगात बरोबरची खूण.

"हे कधी..." पेनवाल्यांनी लाल गोलावर बोट ठेवलं.

"आले त्याच्या पाचव्या दिवशी. तुम्ही भाजी आणायला गेला होतात. पेन्सिल कुठे मिळते का बघायला आत गेले." त्या खुर्चीवर बसल्या. "सासू दीर्घ असते, जावईबापू. नेहमीच."

बायकोने वही ओढून घेतली, वाचली, आणि नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याच्या चहातली साखर त्या क्षणी बंद झाली हे पायवाल्या ताईंनाही कळलं.

"म्हणजे हे सगळं, टाचा आणि बागा आणि कोमट पाणी..."

"त्यांना बोलू नकोस," सासूबाई लेकीला म्हणाल्या. "तुझा भाऊ म्हणत होता, आई, बसून राहा. तू म्हणत होतीस, आई, जपून. डॉक्टर म्हणत होते, वय बघा. मी काठीशिवाय चालावं म्हणून ज्याचा जीव टांगणीला लागला होता असा या जगात एकच माणूस होता. त्याला कशाला जागा करायचा?" मग जावयाकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला काठी हवी होती, मला पाय. मला पाय मिळाले. तुम्हालाही काठी मिळाली की. आता धरून चाला."

पेनवाल्यांनी काठी टेकून उभं राहून पाहिलं. मूठ मनगटाच्या बरीच वर आली आणि त्यांचा खांदा कानाला लागला. चार बोटांचा फरक आता कामाला आला.

"लांब पडते," ताई म्हणाल्या. त्यांनी मनगटाशी खूण धरली, टेप लावला. "खालून अडीच इंच काढावे लागतील."

काढावे लागतील हे शब्द ऐकून पेनवाल्यांच्या गुडघ्याची कळ जरा उतरली. पण अडीच म्हणजे अडीच. पाचाचं निम्मं.

"ताई," ते गोड आवाजात म्हणाले, "पाच काढू या का? एकदम व्यवस्थित होईल."

"पाच काढलेत तर वाकून चालाल. कंबर जाईल."

पेनवाल्यांनी थोडा वेळ कंबरेचा विचार केला. ती अजून वापरात होती. "नाही, पण वयाबरोबर माणूस आखडतो ना. पुढे लागणारच आहे बुटकी काठी. आत्ताच काढून ठेवलं तर..."

"आखडाल तसे कापू," सासूबाई म्हणाल्या. "दर वर्षी भिंतीला उभे करून मोजत जाऊ."

"साडेतीन?"

"हे वजनमाप खात्यात होते," सासूबाईंनी ताईंना सांगितलं, आणि टेबलावरची पोलादी पट्टी उचलली.

कापताना त्या पट्टी घेऊन शेजारी उभ्या राहिल्या. पेनवाल्यांनी काठीच्या टोकाचा रबरी बूट काढला, खुणेवर करवत टेकवली. करवत किंचित वर सरकली की पट्टीचा एक हलका टोला त्यांच्या बोटांवर बसे. अडीच इंचाचा तुकडा तळहातावर पडला तेव्हा त्यांनी तो आधी हुंगला. ना गोड, ना कडू. जुनं कपाट उघडल्यावर यावा तसा, पण कपाट कोणाचं ते आठवू नये. बुटाच्या आतलं पाव इंच ओलीने सडलं होतं, ते गेलं. भिंगातून तासभर पाहिलं. नव्व्याण्णवांपैकी कोणाशीच जमेना. लाकूड शेवटपर्यंत बिननावाचंच राहिलं.

"तुम्ही विचारून यायला हवं होतं," सासूबाई म्हणाल्या. "आज थोडक्यात हुकलं."

सव्वादोन इंचांत पेनाचा एकच तुकडा होतो. पाय दुसऱ्या स्टुलावर लांबवून पेनवाल्यांनी तो काढला. असं लाकूड त्यांच्या पटाशीखाली कधी आलं नव्हतं. साल निघावी तसे लांब, न तुटणारे पदर निघत होते आणि प्रत्येक पदर उजेडात हिरवा. वरचा करावा की खालचा, हा प्रश्न त्यांनी अर्ध्या मिनिटात सोडवला. पेटीत पेनं टोक खाली करून उभी राहतात. खालचा अर्धा भाग भोकात जातो. दिसतो तो वरचा.

तेव्हा शंभराव्या पेनाला वरती ते बिननावाचं लाकूड आणि खाली नुसती उघडी पितळी नळी. दुसऱ्या लाकडाचा जोड देणं नियमात बसत नव्हतं, आणि नियम मोडण्यापेक्षा पेन नागडं राहिलेलं पेनवाल्यांना परवडलं.

ग्रंथपालांनी काचेवरून बोट फिरवत वरची टोकं मोजली. शंभर भरली. "हे शेवटचं काय सुंदर आहे हो," ते म्हणाले. "कुठलं?"

"घरचंच," पेनवाले काठी मागे लपवत म्हणाले.

वाचनकक्ष उघडला. पेटी दारासमोर. पाटी: 'शंभर लाकडांची शंभर पेने.' पहिले दोन दिवस सुरळीत गेले. तिसऱ्या दिवसापासून सासूबाई वाचनालयात येऊ लागल्या. चालत, अकरा पायऱ्या चढून, कठड्याला हात न लावता. दाराजवळची खुर्ची त्यांना वर्तमानपत्र वाचायला सोयीची पडे. पेटीपाशी कोणी थांबलं की त्या वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणत, "शंभरावं जरा बाहेर काढून दाखवा म्हणावं."

आठवडाभरात ग्रंथपालांना किल्ली रोज चार वेळा काढावी लागली. शेवटी वैतागून त्यांनी पेनवाल्यांना बोलावलं. "आता पाटीचं मी काय करू?"

पाटी आधीच दुरुस्त झालेली होती. दुसऱ्या 'शंभर'वर लाल काट, आणि वर सुवाच्य अक्षरात 'साडेनव्व्याण्णव'.

त्यानंतर मात्र पेटीभोवती गर्दी वाढली. शंभर पेनं बघायला कोणी खास येत नाही. ते अर्धं काय आहे हे बघायला लोक पलीकडच्या वस्तीतून येत, आणि दाराजवळची उंच बाई त्यांना सगळी हकिगत सांगे: चाटण्यापासून कापण्यापर्यंत. सांगताना मध्येच ती उठून टाच वर करून दाखवी. ग्रंथपालांनी तिच्यासाठी खुर्चीवर गादी घातली.

घरी पेनवाले वही उघडून बसले. सासूबाईंना दोन पाय मिळाले आणि रोजची सभा. मेहुण्याला आई न नेण्याचं सबळ कारण मिळालं. ग्रंथपालांना गर्दी. पायवाल्या ताईंना एकाच घरात दुसरा रुग्ण. बायकोला आई चालती आणि नवरा बसता, हे तिला बरेच दिवस हवंच होतं. साखरेचं तिने पंधरा दिवसांनी अर्ध्या चमच्यावर मिटवलं. सासऱ्यांच्या काठीचे अडीच इंच गेले, पण ते काही तक्रार करायला येणार नव्हते. उरलेली काठी पेनवाल्यांच्या हाताशी, खुर्चीला टेकून उभी होती. सकाळ-संध्याकाळ ते तिला धरून हिंडत आणि मनातल्या मनात तिच्यातली राहिलेली पेनं मोजत: पाच, आणि वर अर्धं.

त्यांनी शंभराव्या ओळीतलं 'मिळाल्यावर' खोडलं आणि तिथे 'अर्धी; बाकी वापरात' असं शाईने लिहिलं. मग सात वर्षांच्या सवयीने शेवटच्या रकान्याकडे वळले, काहीही न लपवता तो भरला, आणि वही वाळायला उघडी ठेवून चहाला गेले.

परत आले तेव्हा शाई वाळली होती. मोबदला: *डावा गुढघा, १.* त्यातल्या 'ढ'ला लाल गोल होता, वर नीट 'ड' काढलेला होता, आणि ओळीच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'तपासले. रक्कम बरोबर.'